तीन पेपर, एकच मजकूर : २००९ च्या ‘पॅकेज’ बातम्यांचं प्रकरण

जिल्ह्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात सकाळी लांब टेबलावर पेपर पसरलेले असतात. पेन्शनर मंडळी आपला पेपर वाचून झाला की तो शेजाऱ्याकडे सरकवतात आणि त्याचा आपल्याकडे ओढतात. २००९ च्या ऑक्टोबरात, विधानसभेच्या मतदानाआधीच्या आठवड्यात, अशी सरकवासरकव करणाऱ्या कोणालाही एक गंमत दिसली असती. लोकमत, महाराष्ट्र टाइम्स आणि पुढारी या तीन दैनिकांत मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावर एक मजकूर आला होता. तरुण आणि तडफदार नेतृत्व, असा शीर्षकाचा सूर. तिन्हीकडे मजकूर शब्दाला शब्द तोच. पेपर तीन, मालक तीन, संपादक तीन, आणि मुख्यमंत्र्यांचं कौतुक करताना तिघांनाही तीच विशेषणं त्याच क्रमाने सुचली. ‘जाहिरात’ हा शब्द कुठे बारीक टायपातही नव्हता.

ज्याच्या दारात एकच पेपर पडतो त्याला यात वावगं काही दिसायचं कारण नव्हतं. आणि बहुतेकांच्या दारात एकच पेपर पडतो. हा सगळा व्यवहार त्याच भरवशावर उभा होता.

शोधपत्रकारिता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बंद फाइल, अंधारात भेटणारा अधिकारी, लपवलेला कॅमेरा असं काहीतरी येतं. या प्रकरणात यातलं काहीच नव्हतं. पुरावा रोज पहाटे लाखोंच्या संख्येने छापला जात होता आणि दोन-तीन रुपयांत घरपोच मिळत होता. तरीही तो कोणीतरी ‘शोधावा’ लागला. ज्यांना तो पहिल्यांदा दिसला असता, ते सगळे पेपरच्याच संपादकीय टेबलावर काम करत होते.

मीही एका जिल्हा आवृत्तीच्या टेबलावर काही वर्षं काढली आहेत. पेपरचं नाव महत्त्वाचं नाही. त्या काळात आमच्यासारखी टेबलं प्रत्येक जिल्ह्यात होती. निवडणूक लागली की मजकुराचे दोन प्रवाह सुरू व्हायचे. एक नेहमीचा, वार्ताहरांकडून येणारा. दुसरा जाहिरात विभागाकडून यायचा, पण जाहिरातीच्या कपड्यांत नाही. त्यावर वरच्या कोपऱ्यात ‘मस्ट’ लिहिलेलं असायचं. मस्ट म्हणजे कापायचा नाही, हलवायचा नाही, शीर्षकाला हात लावायचा नाही. पान लावणारा ऑपरेटर विचारायचा, ‘साहेब, बायलाइन कोणाची टाकू?’ आणि कोणीतरी मान वर न करता सांगायचं, ‘प्रतिनिधी टाक.’ एकदा एका पदयात्रेची बातमी संध्याकाळी पाचला टेबलावर आली. तुडुंब गर्दी, महिलांकडून औक्षण, तरुणाईचा जल्लोष, सगळं त्यात होतं. पदयात्रा सहाला निघायची होती. पावसामुळे ती निघालीच नाही. बातमी मात्र दुसऱ्या दिवशी औक्षणासकट छापून आली. आम्ही हसलो. माझा त्यातला वाटा एवढाच की शुद्धलेखन मी तपासलं होतं.

या व्यवहाराला धंद्यात ‘पॅकेज’ म्हणत. उमेदवाराची ओळख, अमुक इतक्या प्रचारसभांच्या बातम्या, एखादी मुलाखत, शेवटच्या दोन दिवसांत रंगीत पान, अशी ताटात वाढल्यासारखी यादी असायची. जादा पैसे मोजले की प्रतिस्पर्ध्याची बातमी आखडती घेण्याचीही सोय होती. ज्याने पॅकेज घेतलं नाही त्याच्याविरुद्ध काही छापण्याची गरजच नसे. त्याचं नाव पेपरात येत नसे, एवढंच. अपक्ष, छोट्या पक्षांचे उमेदवार, एखादा निवृत्त शिक्षक किंवा संघटनेचा कार्यकर्ता महिनाभर वणवण फिरायचा आणि पेपरात त्याचा पत्ता नसायचा. मतदाराला वाटायचं, हा उभाच नाही.

हे एका रात्रीत झालं नव्हतं. जिल्ह्यातला वार्ताहर पूर्वीपासूनच अर्धा बातमीदार आणि अर्धा जाहिरात एजंट होता. मानधन नाममात्र, पण जाहिरात आणली की कमिशन. त्यामुळे आमदारसाहेबांच्या वाढदिवसाची पुरवणी हा त्याच्या वर्षाच्या कमाईचा कणा. ज्याच्याकडून पुरवणीसाठी पन्नास शुभेच्छुक गोळा करायचे, त्याच्याच रस्त्याच्या कामातला डांबराचा थर मोजायला तो कसा जाणार? पुढे महानगरांतल्या मोठ्या माध्यमसमूहांनी या घरगुती उद्योगाला कॉर्पोरेट रूप दिलं. २००३ मध्ये टाइम्स समूहाने ‘मीडियानेट’ सुरू करून पुरवण्यांतली जागा उघडपणे दर लावून द्यायला सुरुवात केली. मग ‘प्रायव्हेट ट्रीटी’ आल्या. कंपनीने आपले शेअर द्यायचे आणि बदल्यात जाहिरातीची जागा घ्यायची. सिनेमा, फॅशन, कंपन्या असं करत करत विकाऊ बातमी शेवटी राजकारणाच्या पानावर पोचली. उमेदवारांच्या बाबतीत मात्र मोठा फरक असा, की त्यांचा व्यवहार रोखीत व्हायचा आणि त्याची पावती नसायची.

२६ ऑक्टोबर २००९. निकाल लागून चार दिवस झाले होते. चेन्नईहून निघणाऱ्या ‘द हिंदू’मध्ये पी. साईनाथ यांचा लेख आला. साईनाथ तेव्हा त्या पेपरचे ग्रामीण घडामोडींचे संपादक. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं होतं, २००७ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कारही मिळाला होता. म्हणजे माणूस निवडणुकीच्या गप्पांचा नव्हे, गावोगाव फिरणारा. लेखाची सुरुवात त्यांनी एका स्तंभलेखकापासून केली होती. त्याला संपादकाने सांगितलं होतं, की तुमचं सदर १३ ऑक्टोबरनंतर परत सुरू करू, तोवर पेपरची सगळी पानं विकली गेली आहेत. १३ ऑक्टोबर ही मतदानाची तारीख.

खरा हादरा बसला तो ३० नोव्हेंबरच्या दुसऱ्या लेखाने. त्यात तीन पेपरांतला तो एकच मजकूर होता. शिवाय ‘अशोकपर्व’ अशा मथळ्याची रंगीत पानं होती. मुख्यमंत्री, त्यांचं सरकार आणि त्यांचं कर्तृत्व यांनाच वाहिलेली अशी ४७ पूर्ण पानं ‘हिंदू’ने गोळा केली होती. शोधकामाची एकूण सामग्री म्हणाल तर ती रद्दीच होती.

रद्दीशेजारी एक सरकारी कागद ठेवल्यावर मात्र त्या रद्दीची किंमत वाढली. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७८ व्या कलमानुसार प्रत्येक उमेदवाराला निकालानंतर ३० दिवसांच्या आत निवडणूक खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. तेव्हा विधानसभेसाठी खर्चाची मर्यादा १० लाख रुपये होती. चव्हाण यांनी नांदेड जिल्ह्यातल्या भोकर मतदारसंघातला आपला एकूण खर्च ७ लाखांच्या आत दाखवला होता. त्यात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींवर ५,३७९ रुपये आणि केबल टीव्हीवर ६,००० रुपये.

पाच हजार तीनशे एकोणऐंशी. त्या आकड्याच्या शेवटच्या नवाकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो. इतक्या चोख हिशेबात चाळीस-पन्नास पानं मावत नव्हती. जिल्हा आवृत्तीत काम केलेल्या कोणालाही विचारा, त्या रकमेत मोठ्या पेपरच्या रंगीत पानाचा कोपरासुद्धा मिळाला नसता.

आता इथे साईनाथांनी काय लिहिलं नाही ते पाहण्यासारखं आहे. अमक्याने तमक्याला इतके पैसे दिले, असं वाक्य त्यांनी लिहिलं नाही. तसा पुरावा नव्हता. त्यांनी पानं आणि हिशेब शेजारी शेजारी ठेवले आणि प्रश्न विचारला. लेखाच्या मथळ्यातही प्रश्नचिन्ह होतं. पुराव्याच्या पुढे पाऊल टाकलं की काय होतं, हा धडा मराठी पत्रकारितेला अगदी लहानपणी मिळाला आहे. केसरी आणि मराठा सुरू होऊन वर्ष-दीड वर्षच झालं होतं. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतोय म्हणून दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध त्यांत लेख आले, काही पत्रंही छापली गेली. ती पत्रं बनावट निघाली. १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हेतू स्वच्छ होता, कागद खोटा होता. आपण त्या १०१ दिवसांची आठवण अभिमानाने काढतो, कागदाची सहसा काढत नाही.

शेजारी शेजारी ठेवण्याची ही रीत महाराष्ट्राने २००९ च्या आधीही एकदा पाहिली होती, आणि तेव्हा तिने मुख्यमंत्र्याची खुर्ची घालवली होती. ३१ ऑगस्ट १९८१ ला इंडियन एक्स्प्रेसमध्ये अरुण शौरी यांनी तेव्हाचे मुख्यमंत्री बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी उभारलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानचा हिशेब मांडला. सिमेंटवर त्या वेळी सरकारी नियंत्रण होतं. घराला दहा पोती हवी असली तरी परमिट लागायचं आणि इमारती बांधणाऱ्यांना तर सिमेंट म्हणजे प्राणवायू. प्रतिष्ठानला देणगीचे धनादेश देणारे बिल्डर आणि जादा सिमेंटचा कोटा मिळालेले बिल्डर, या दोन याद्या जुळत होत्या. जनता पक्षाचे प. बा. सामंत उच्च न्यायालयात गेले. १२ जानेवारी १९८२ ला न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचा संबंध आहे असा निकाल दिला आणि अंतुल्यांना जावं लागलं. फौजदारी खटला पुढे वर्षानुवर्षं सर्वोच्च न्यायालयापर्यंत हेलपाटे घालत राहिला. वकिलीच्या विद्यार्थ्यांना आजही त्यातले निकाल वाचावे लागतात. अंतुले नंतर केंद्रात मंत्रीही झाले.

लेख छापून आला आणि साडेचार महिन्यांत मुख्यमंत्री गेला. हे उदाहरण पत्रकारितेच्या वर्गात इतकं सांगितलं जातं की गोष्टीतला एक साधा भाग निसटतो. १९८१ मध्ये पेपर हा पाहणारा होता आणि सरकार पाहिलं जाणारं. देणगीचे धनादेश होते, सिमेंटची परमिटं होती, प्रत्येकाला तारीख आणि नंबर होता. नियंत्रणाच्या राज्यात भ्रष्टाचारही फाइलवरूनच जायचा. २००९ मध्ये धनादेश नव्हता, परमिट नव्हतं, आणि ज्याने पाहायचं तोच संशयितांच्या रांगेत उभा होता. माध्यमं बदलली म्हणजे काय, तर छपाई रंगीत झाली, पानं वाढली, हे सगळं आहेच. पण माझ्या लेखी मुख्य बदल हा आहे.

ही तक्रार फक्त महाराष्ट्रातून आली नव्हती. त्याच वर्षी लोकसभेच्या निवडणुकीनंतर हिंदीत ‘जनसत्ता’चे संस्थापक संपादक प्रभाष जोशी यांनी विकाऊ बातम्यांविरुद्ध उघड आघाडी उघडली. ते गावोगाव फिरले, बोलले, वृत्तपत्रांच्या वर्तनावर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलकडे दाद मागणाऱ्यांत होते. ५ नोव्हेंबर २००९ च्या रात्री, हैदराबादला ऑस्ट्रेलियाविरुद्ध सचिनच्या १७५ धावांची खेळी पाहून झाल्यावर त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. आंध्रात श्रमिक पत्रकारांच्या संघटनेने नमुना पाहणी केली. तिथल्या लोकसत्ता पक्षाच्या (आपला पेपर नव्हे, आंध्रातल्या जयप्रकाश नारायण यांचा पक्ष; आणीबाणीतले जयप्रकाश ते वेगळे) एका उमेदवाराने तर स्वतः पैसे देऊन स्वतःची बातमी छापून आणली आणि ती रक्कम निवडणूक खर्चात प्रामाणिकपणे दाखवली. शोधपत्रकारितेतला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात धीट प्रयोग म्हणावा लागेल, आणि तो पत्रकाराने केलेला नाही.

प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोन सदस्यांची उपसमिती नेमली. त्यांनी उमेदवारांशी, पत्रकारांशी, मालकांशी बोलून ७१ पानांचा अहवाल दिला. त्यात पेपरांची नावं होती, आरोप होते, आणि पेपरवाल्यांचे खुलासेही होते. ३० जुलै २०१० ला कौन्सिलची बैठक झाली. कौन्सिलमध्ये मालक-प्रकाशकांचेही प्रतिनिधी असतात. बैठकीतून जो अंतिम अहवाल बाहेर आला तो जेमतेम बारा-तेरा पानांचा होता. विकाऊ बातमीची व्याख्या त्यात होती, चिंता होती, शिफारशी होत्या. नावं नव्हती. रोगाचं वर्णन पूर्ण, रुग्णाचा पत्ता गायब.

७१ पानं मग इंटरनेटवर फुटली. हजारो लोकांनी ती वाचली, पण कौन्सिलच्या लेखी ती अस्तित्वात नव्हती. शेवटी माहिती अधिकाराखाली अर्ज झाला आणि २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने पूर्ण अहवाल संकेतस्थळावर ठेवण्याचा आदेश दिला. इतरांच्या फाइली उघडायला लावणं ज्यांचं काम, त्यांच्या स्वतःच्या संस्थेची फाइल माहिती अधिकारात उघडावी लागली.

इकडे भोकरचा मामला निवडणूक आयोगासमोर गेला. चव्हाण लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून आले होते. त्यांच्याविरुद्ध हरलेले माजी मंत्री डॉ. माधवराव किन्हाळकर यांनी तक्रार केली. भाजपच्या मुख्तार अब्बास नकवी आणि किरीट सोमय्या यांनीही केली. चव्हाणांचं म्हणणं सरळ होतं, की मी कोणालाही पैसे दिलेले नाहीत. पेपरांनीही पैसे घेतल्याचं नाकारलं. मजकूर पक्षप्रेमातून, आपुलकीतून आला असेल, या युक्तिवादात अगदीच दम नव्हता असंही नाही. लोकमतचे विजय दर्डा तेव्हा काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते, हे कोणापासून लपलेलं नव्हतं. तरी तीन स्पर्धकांची आपुलकी शब्दाला शब्द सारखी कशी, हा प्रश्न उरतोच.

आणखी एक प्रश्न मला त्या काळात वारंवार विचारला गेला. लाखभर मतांनी निवडून येणाऱ्या माणसाला पेपरची गरज काय? तो तसाही आलाच असता, मग बिघडलं कुठे? उमेदवाराच्या बाजूने पाहिलं तर कदाचित काहीच नाही. पण त्या सकाळी वाचनालयातल्या पेन्शनराने जे वाचलं ते बातमी समजून वाचलं. जाहिरात असती तर त्याने चष्मा जरा खाली सरकवून, ‘हं, चाललंय’ म्हणत पान उलटलं असतं. वाचकाकडचं हे संशय घेण्याचं हत्यार काढून घेणं, एवढ्याचसाठी पॅकेजला जाहिरातीपेक्षा जास्त भाव होता. फसवला गेला तो हरलेला उमेदवार नव्हे.

कायद्याच्या दृष्टीने भांडण मात्र निराळ्याच मुद्द्यावर झालं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १०-अ म्हणतं, की खर्चाचा हिशेब वेळेत आणि ठरलेल्या पद्धतीने दिला नाही तर आयोग उमेदवाराला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. चव्हाणांची बाजू अशी होती, की हिशेब दिला, वेळेत दिला, विषय संपला. तो खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार आयोगाला नाही. एप्रिल २०११ मध्ये आयोगाने सांगितलं, अधिकार आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाची बाजू उचलून धरली. ५ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. हिशेबाचा कागद नुसता दाखल करणं पुरेसं नाही, त्यात खरं लिहिलंय का हेही आयोग पाहू शकतो, हा त्या निकालाचा गाभा. या सगळ्या प्रकरणाची ठोस कमाई कोणती म्हणाल तर ही.

एवढा कायदा स्पष्ट व्हायला साडेचार वर्षं लागली. त्या अवधीत चव्हाण आदर्श सोसायटीच्या प्रकरणात मुख्यमंत्रिपदावरून गेले होते आणि २०१४ मध्ये नांदेडहून लोकसभेवर निवडूनही आले. जुलै २०१४ मध्ये आयोगाने हिशेब ठरलेल्या पद्धतीने दिलेला नाही असा निष्कर्ष काढून, तुम्हाला अपात्र का ठरवू नये, अशी नोटीस काढली. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. म्हणजे चव्हाण अपात्र ठरले नाहीत, पैसे दिल्याचं कुठेही सिद्ध झालं नाही, आणि तसं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते भाजपमध्ये गेले आणि राज्यसभेवर निवडून आले. ज्या पक्षाच्या नेत्यांनी तक्रार केली होती, त्याच पक्षात. मराठी वाचकाला हे वाचून धक्का बसेल असं वाटत नाही.

तुलनेसाठी उत्तर प्रदेशातलं एक छोटं प्रकरण पाहा. बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना आयोगाने २० ऑक्टोबर २०११ ला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. २००७ च्या निवडणुकीत दोन हिंदी दैनिकांत आलेला बातमीवजा मजकूर त्यांनी खर्चात दाखवला नव्हता. विकाऊ बातमीमुळे गेलेली देशातली ही पहिली आमदारकी, आणि रक्कम किती, तर २१,२५० रुपये. ४७ पानांवर न्यायालयात वर्षानुवर्षं काथ्याकूट झाला आणि सव्वाएकवीस हजारांवर आमदारकी गेली. चिंधीचोराची म्हण मला इथे लिहायची नाही. फरक पैशाच्या आकारात नव्हता, पुराव्यात होता. तिथे रकमेचा माग लागला.

पुढे आयोगाने प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणीकरण आणि संनियंत्रण समित्या नेमल्या. निवडणुकीच्या काळात कलेक्टर कचेरीतल्या एका खोलीत काही कर्मचारी सगळे पेपर आणि चॅनेल पाहत बसतात. संशयास्पद मजकूर दिसला की उमेदवाराला नोटीस जाते आणि विकाऊ ठरला तर सरकारी जाहिरात दराने त्याची किंमत काढून खर्चात धरली जाते. खर्चाची मर्यादाही १० लाखांवरून वाढत २०२२ मध्ये ४० लाखांवर आली. विकाऊ बातमी हा स्वतंत्र निवडणूक गुन्हा ठरवावा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ मध्ये केली. तो बदल कायद्यात आलेला नाही.

त्या समित्यांचं काम मी एकदा जवळून पाहिलं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून ड्युटीवर आलेले गुरुजी हातात पट्टी घेऊन बातमीची लांबी-रुंदी मोजत होते. पट्टी घेऊन पेपर मोजणारा माणूस पाहिला की हसू येतं, आणि मग लक्षात येतं की आमच्या टेबलावर जे करायला हवं होतं ते हा बिचारा करतोय.

२००९ ची ही रीत आज लागू पडेल का? मला शंका आहे. तेव्हा तीन पेपरांत एकच मजकूर सापडणं हाच पुरावा होता, कारण स्पर्धक पेपर एकमेकांची वाक्यं छापत नसत. लाज वाटायची. आज नेत्याच्या जनसंपर्क कचेरीतून व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रेसनोट पडते, फोटो आणि मथळ्यासकट, आणि दहा मिनिटांत ती पंधरा पोर्टलांवर जशीच्या तशी चढते. कोणी पैसे दिले म्हणून नव्हे. एका माणसाला दिवसाला तीस बातम्या टाकायच्या असतात आणि त्या पुन्हा लिहायला वेळ नसतो म्हणून. त्या पंधरांतली चार पैसे घेऊन टाकलेली असली तर ती बाकीच्या अकरांत बेमालूम मिसळून जातात. सारखेपणावरून आज काहीच सिद्ध होत नाही. तालुक्याच्या चौकात हातात बूम धरून उभा असलेला यूट्यूब चॅनेलवाला उमेदवाराची तासभर मुलाखत घेतो. ती मुलाखत आहे, प्रचार आहे की दोन्ही, हे तो स्वतःही सांगू शकणार नाही. त्याला मानधन देणारं कोणी नाही, कमिशन देणारेही ठरलेले नाहीत. आमचा जुना वार्ताहर निदान अर्धा तरी बातमीदार होता.

आणि कागद राहिला नाही. ती ४७ पानं कोणी तरी रद्दीवाल्याला घातली नाहीत म्हणून लेख उभा राहिला, तक्रार उभी राहिली. मागच्या विधानसभेच्या वेळी माझ्या तालुक्यातल्या एका उमेदवाराचं कौतुक चार पोर्टलांवर एकाच मजकुरात दिसलं. जुनी सवय म्हणून मी चारही लिंका वहीत उतरवून ठेवल्या. निकालानंतर महिन्याभराने उघडून पाहिल्या. दोन उघडल्याच नाहीत. तिसऱ्या पोर्टलचं नावच बदललेलं होतं. चौथ्या पत्त्यावर त्या दिवशीचा सोन्याचा भाव होता.